केशरबाईंच्या फ्रिजमधली चॉकलेटं

विमलबाईंच्या पिशवीत एखाद्या दिवशी हजेरीपट नसला तरी चाललं असतं, पण चॉकलेटची पुडी नाही असं कधी झालं नाही. पहिलीतलं पोर पहिल्या दिवशी आईच्या पदराला धरून रडायला लागलं की बाई पिशवीत हात घालत. तेराचा पाढा न अडखळता म्हटला की पिशवीत हात. आणि त्याच बाई परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर किडलेल्या दाढेचं चित्र काढून सांगत, "चॉकलेट अजिबात खायचं नाही." पोरं ते गालात धरूनच "हो बाई" म्हणत.

मिरजगावात तेव्हा चॉकलेट म्हणजे काहीही. संत्र्याची गोळी, कॉफीची गोळी, कच्च्या आंब्याची गोळी. कागदात गुंडाळलेलं गोड ते चॉकलेट. बाईंच्या लेखी मोल होतं ते त्या कागदाला.

त्याचं कारण त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या सातवीची फायनल पास झाल्या तेव्हाची, चौसष्ट सालची गोष्ट. त्यांचे वडील रंभाजी सडकेवर खडी फोडायचे. बौद्धवाड्यातली पहिली मुलगी सातवी झाली म्हणून त्यांनी कर्जतहून अर्धा किलो पेढे आणले, ताट राखेनं घासून लख्ख केलं, वर नवा पंचा झाकला आणि गावभर फिरले. कुणी वाईट बोललं नाही. "पोरगी हुशार निघाली रं रंभाजी," असं म्हणत लोकांनी पेढे घेतले. काहींनी ओट्यावर ठेवून जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विमल शेणाला गेली तर दोन घरांच्या मागच्या उकिरड्यावर कोंबड्या पेढे टोचत होत्या. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "ग्वाड लागलं का गं लोकान्ला?" ती म्हणाली, "व्हय, लई."

पुढे सत्तर साली नोकरी लागली, पहिला पगार झाला, तेव्हा पेढे आणू म्हणणाऱ्या वडिलांना तिने थांबवलं आणि कागदातल्या गोळ्या आणल्या. बंद कागद, कारखान्यात बांधलेला. आत कुणाचा हात लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी एकाही उकिरड्यावर एकही गोळी नव्हती. तिने मुद्दाम जाऊन बघितलं होतं.

मिरजगावला बदली झाल्यावर त्यांना खोली देणाऱ्या केशरबाई होत्या. हमरस्त्यालगत घर, मागे शेत, नवरा वारलेला, श्रीमंत नावाचा मुलगा मोटारपंपांच्या दुकानात. दोन खोल्या रिकाम्या होत्या. गावातल्या चारचौघांनी "आक्का, जरा बघून द्या" असं सुचवलं, तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "बघूनच दिल्यात. बाई साळंत शिकिवते, नवरा यष्टीत कंडाक्टर हाय. दोगंबी सरकारी. आनखी काय बघू, पत्रिका?" बारा वर्षं झाली त्याला. सकाळचा चहा एकमेकींकडे, भाजीची वाटी इकडून तिकडे. केशरबाईंची मुलगी आरती आणि विमलबाईंची दीपा एका वर्गात, एका बाकावर. पण ज्या एका गोष्टीमुळे गावाने 'बघून द्या' म्हटलं होतं, ती गोष्ट या बारा वर्षांत दोघींपैकी एकीनेही तोंडाने उच्चारली नव्हती. विमलबाईंना वाटे, ती आहे तशी झाकलेली बरी.

दीपाला बारावीला बावन्न टक्के पडले. विमलबाईंचं म्हणणं, डी.एड. कर. दीपा म्हणाली, एक वर्ष थांब. त्या वर्षात ती नगरला सावेडीत एका बाईंकडे तीन दिवसांचा चॉकलेटचा क्लास करून आली आणि घराला वेगळाच वास यायला लागला.

भीमराज, म्हणजे विमलबाईंचे यजमान, पुण्याच्या गाडीवर असत. ते तिकडून चॉकलेटची लादी आणत, दोन-दोन किलोची, तपकिरी, जाड. एकदा सीटजवळ ठेवलेली ती लादी बघून एका पाटलाने विचारलं, "कंडक्टर, ही फरशी कितीला फूट?" भीमराज म्हणाले, "पाटील, चाटून बघा, मग भाव सांगतो." ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि प्रत्येक वेळी पाटलाचं गाव बदलत.

दीपा लादी किसायची, एका पातेल्यात पाणी तापवून त्यावर दुसरं पातेलं बसवायची आणि लाकडी चमच्याने हळूहळू ढवळत राहायची. त्या वेळी कुणी जवळ ओला हात घेऊन आलं तर ओरडायची. पाण्याचा एक थेंब पडला की सगळं चॉकलेट एकदम घट्ट, रवाळ होऊन बसतं, मग कितीही ढवळा, पहिल्यासारखं होत नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट, खोबरं, कधी बडीशेप घालून ती ते साच्यात ओतायची. साचे दोन होते, माशाचा आणि बदामाचा. गोठवायला फ्रिज लागे, तो केशरबाईंकडे. श्रीमंतने घेतलेला. त्यात पाण्याच्या बाटल्या आणि कोथिंबीर यापलीकडे काही नसे.

"आता कुठं फ्रीजचं पैसं वसूल व्हाया लागलं," केशरबाई म्हणायच्या. पहिला तयार मासा त्यांच्या वाट्याचा. तोंडात उरलेले दात मोजके. दीपाने शिकवलं, "काकू, चावू नका. जीभ आणि टाळू यांच्यात धरा नुसतं." केशरबाई डोळे मिटून बसत. मग म्हणत, "पोरी, हे तर आपापलंच जातंय की गं पोटात. दात नसल्याल्यांसाठी द्येवानं केलंय ह्ये."

कुठल्याशा पेपरच्या पुरवणीत आलं होतं, की काळं चॉकलेट थोडं थोडं खाल्लं तर रक्तदाबाला आणि मनाला बरं. दीपाने ते वाचून दाखवलं. केशरबाईंनी ते कात्रण गोळ्यांच्या डबीत ठेवलं. "डाक्टरनं मीठ न्हाई म्हनलं, लोनचं न्हाई म्हनलं, पापड न्हाई म्हनलं. चाकलेटला न्हाई म्हनला न्हाई."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

"इचारलं तर न्हाईच म्हनंल. म्हनून इचारलं न्हाई."

विमलबाईही खात. वह्या तपासताना एक बदाम टाळूला लावून ठेवत आणि तो विरघळेपर्यंत पाच वह्या होत. इतक्या वर्षांत पुडीतल्या गोळ्या त्यांनी दुसऱ्यांना वाटल्या, स्वतः कधी खाल्ल्या नव्हत्या. मुलीच्या हातचं खाताना त्यांना आपण काहीतरी चोरून करतोय असं वाटे.

शहाण्णवच्या मे महिन्यात ते तिघं चॉकलेटच्या प्रवासाला गेले. एसटीच्या नोकराला कुटुंबाचा फुकट पास मिळतो. भीमराजनी तो कधी वापरला नव्हता. सुट्टीतसुद्धा एसटीतच बसायचं का, असं ते म्हणत. दीपाने हट्ट धरला. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानांत चॉकलेटचं फज मिळतं, ते बघायचं होतं. दुकानदार सुरीच्या टोकावर चव द्यायचे. दीपा एकेक तुकडा तोंडात धरून वहीत लिहायची, साखर जास्त, अक्रोड खवट, तूप कोणतं? चौथ्या दुकानात मालक म्हणाला, "ताई, विकत घ्यायला आलात का पेपर तपासायला?" भीमराज लाजून बाहेर जाऊन उभे राहिले. विमलबाईंनी पाव किलो घेतलं.

येताना तळेगावच्या बाजूला चॉकलेटचा मोठा कारखाना होता. आत सोडत नाहीत हे फाटकावर कळलं. वॉचमन नगरकडचाच निघाला. तो म्हणाला, "आत न्हाई सोडता येत, ताई. पन इथं झाडाखाली हुबं ऱ्हावा. वारं आलं की वास येतो. वासाला पास लागत न्हाई." ते तिघं अर्धा तास तिथे उभे होते. वारं आलं, आणि तापलेल्या डांबराच्या वासावरून तो दुसरा वास आला, भाजलेला, दाट. दीपाने डोळे मिटले. भीमराज म्हणाले, "डिझेलपेक्षा बराय." विमलबाई मुलीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आपलं हे माणूस आत्ता सुखात आहे, असं कुणाकडे बघून इतकं स्वच्छ दिसण्याची वेळ त्यांच्यावर फार आली नव्हती.

गाडीत बसल्यावर दीपाने बेत सांगितला. नगर-सोलापूरच्या गाड्या मिरजगावला दहा मिनिटं थांबतात. लोक भेळ घेतात, पेरू घेतात. तिथे एक काचेची पेटी ठेवायची.

"उन्हाळ्यात वितळेल," विमलबाई म्हणाल्या.

"हिवाळ्यात विकीन. आणि वर कागद छापायचा. दीपा चॉकलेट, मिरजगाव."

"नाव कशाला पाहिजे?"

"अगं, नावाशिवाय लोकांना कसं कळणार कुणाचं ते?"

विमलबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

डिसेंबरात आरतीच्या मुलाचं बारसं ठरलं. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी, केशरबाईंकडे. आष्टीकडून तिच्या सासरची मंडळी येणार. केशरबाई बुधवारी सकाळी चहाला आल्या त्या बसायच्या आधीच म्हणाल्या, "दीपे, दीडशे कर. घुगऱ्यांच्या जोडीला हरेक बाईच्या हातावर तुझं एक-एक चाकलेट. पाळन्याखाली घुगऱ्या समद्याच वाटत्यात. आमच्याकडं चाकलेट."

दीपाचे डोळे एवढे मोठे झाले. ही तिची पहिली मागणी. पेटी, कागद, गाड्यांचा थांबा, सगळं तिला त्या दीडशेच्या पलीकडे दिसायला लागलं असणार. चार दिवस केशरबाईंचा फ्रिज नुसता माशांनी आणि बदामांनी भरला होता. श्रीमंतची मुलगी रश्मी, दुसरीत, विमलबाईंच्याच वर्गातली. ती शाळेतून आली की फ्रिजचं दार उघडून उभी राहायची. आरती बाळाला पाजता पाजता लाल आणि सोनेरी चांदीचा कागद कापून द्यायची, दीपा गुंडाळायची.

आणि विमलबाईंची झोप गेली. त्यांना दिसत होतं ते असं: पाळणा झालाय, आष्टीच्या बायका ओळीने बसल्यात, त्यांतली एक विचारते, 'कुनी केलंत?' केशरबाई भोळेपणाने नाव सांगतात. मग कुणी काही बोलत नाही. बायका चॉकलेट पदराच्या गाठीत ठेवतात, आणि जाताना... त्यापुढचं त्यांना दिसू नये असं वाटे आणि नेमकं तेच दिसे. दीपाने ते बघायचं. एकोणीस वर्षांच्या पोरीने. शिवाय आरतीची सासू. तिने नाक मुरडलं तर आरतीला जन्मभर ऐकावं लागेल. आपल्यामुळे. विमलबाईंनी स्वतःला हे दुसरं कारण जास्त वेळा सांगितलं, कारण ते ऐकायला बरं होतं.

केशरबाईंना विचारता आलं असतं. भिंतीपलीकडे तर होत्या. पण विचारायचं म्हणजे बारा वर्षं झाकलेलं उघडायचं.

शुक्रवारी कर्जतला मीटिंग होती. येताना त्यांनी तिथल्या मोठ्या दुकानातून दीडशे चॉकलेटं घेतली, सोनेरी छापील कागदातली, त्यातल्या त्यात भारी. रविवारी सकाळी दीपा आरतीला साडी नेसवायला पलीकडे गेली तेव्हा विमलबाईंनी दीपाने रात्री फ्रिजमधून काढून माठाजवळच्या गार कोपऱ्यात आणून ठेवलेला स्टीलचा डबा उघडला. लाल-सोनेरी चांदीतले मासे आणि बदाम त्यांनी जुन्या नऊवारीत बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि डब्यात कर्जतची चॉकलेटं भरली. झाकण लावलं. डबा स्वतः नेऊन केशरबाईंच्या देवळीत ठेवला. दीपाला नंतर काय सांगायचं, ते त्यांनी ठरवलं होतं. वितळली म्हणून सांगायचं. रडेल, दोन दिवसांनी विसरेल.

बारसं चांगलं झालं. पाळणा म्हणून झाला, कानात नाव सांगून झालं, आत्याच्या पाठीत धपाटे पडले, बायका हसल्या. घुगऱ्या वाटल्या. मागोमाग केशरबाईंची सून डबा घेऊन फिरली. विमलबाई दाराशी उभ्या राहून एकेक हात बघत होत्या. सगळ्यांनी घेतली. छापील कागद बघून कुणी काही विचारलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आरतीची सासू बायडाबाई, चांगली धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई, म्हणाली, "आवं येनबाई, ती पोरगी कुठंय? चाकलेट करनारी? तुमी माजं डोकं खाल्लंय दिवाळीपासून. दीपानं आसं केलं, दीपानं तसं केलं. बघू तरी तिला."

दीपा आतून आली. हसत होती. नवा पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनने लावलेली.

"तूच व्हय? ये, बस हितं. मी म्हनलं, तिच्या म्होरंच खाऊन बघते," असं म्हणत बायडाबाईंनी मुठीतलं चॉकलेट काढलं, कागद सोडवला, तोंडात टाकलं, चावलं. मग कागद उलटा करून डोळ्यांजवळ धरला. "आगं, पर ह्ये तर आमच्या टपरीव मिळतंय. रुपायाला येक. आमचा बंड्या रोज खातो."

एक बाई हसली. मग बऱ्याच हसल्या.

"आगं, इकत आनून माझं माझं म्हनायचं व्हय? हुशार हाय पोरगी!" बायडाबाईंना वाईट बोलायचं नव्हतं. त्या थट्टाच करत होत्या. त्यांनी तो कागद दीपाच्या हातात ठेवला.

दीपाने कागद बघितला. डब्याकडे बघितलं. मग दाराशी उभ्या असलेल्या आईकडे. क्षणभरच. विमलबाईंनी त्या वेळी काय करायचं होतं, ते पुढे त्यांना हजार वेळा सुचलं. तेव्हा त्या दाराच्या चौकटीवरचं आंब्याचं डहाळं नीट करत राहिल्या.

"हो," दीपा म्हणाली. "वेळच नाही मिळाला. म्हणून विकत आणली."

 केशरबाईंच्या फ्रिजमध्ये चार दिवस काय होतं, ते त्यांना माहीत होतं. त्यांनी विमलबाईंकडे बघितलं आणि पाहुण्यांना पाट मांडायला सांगितलं.

संध्याकाळी आष्टीची जीप गेल्यावर त्या भिंतीपलीकडून इकडे आल्या. चहा घेतला नाही.

"कुठं गेली ती?"

"वितळली, आक्का."

"मार्गेसरात?" केशरबाई म्हणाल्या. "सकाळी हंड्यातलं पानी हातात धरवंना, आन् चाकलेट इतळलं?"

विमलबाईंनी तो चहा परत पातेल्यात ओतला.

"येनबाईला मी दिवाळीतच सांगितलं हुतं. कुनाची पोर, काय, समदं. म्हनलं, नंतर तोंड वाकडं करशीला तर आत्ताच करा. ती काय म्हनली ठावं हाय? म्हनली, मला त्याचं काय, ग्वाड लागलं तर दोन खाईन. आन् तुमी माझ्या दारात माझ्याच पोरीवानी पोरीला खोटं पाडलं. मला इचारायचं तरी, बाई."

"हे कसं विचारायचं, आक्का?"

"तोंडानं," केशरबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दीपा चुलीपाशी भाकऱ्या करत होती. तिने हे सगळं ऐकलं. भीमराज ड्युटीवरून आले, कसं झालं बारसं म्हणाले, तर "छान झालं, पप्पा" म्हणाली.

पेटीतल्या दीडशे चॉकलेटांचं काय करायचं ते विमलबाईंना कळेना. टाकणं शक्य नव्हतं. सोमवारी त्या ती शाळेत घेऊन गेल्या. मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाला ओळीत बसवलं आणि वाटली. मराठ्यांची, धनगरांची, वंजाऱ्यांची, बौद्धवाड्यातली, ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि जी आजीजवळ राहिलीत ती, सगळी पोरं. चांदी सोडवून पोरांनी मासे बघितले आणि एकच गलका झाला. कुणी शेपूट आधी खाल्लं, कुणी डोकं. एकाने मासा खिशात ठेवला आणि परत काढून चाटला. संत्र्याच्या गोळीला पोरं कधी अशी गप्प झाली नव्हती. मग त्यांनी अजून मागितलं. विमलबाईंनी पिशवी रिकामी होईपर्यंत दिलं. एकही तुकडा खाली पडला नाही.

रश्मी पहिल्या ओळीत होती. ती तोंड पुसत म्हणाली, "बाई, ही दीपाताईची हायत ना?"

 चाळीस तोंडं बाईंकडे वळली. किती सोपं होतं. हो म्हणायचं. चाळीस पोरं घरी जाऊन सांगतील, बाईंच्या दीपाताईने केलेलं आम्ही खाल्लं. बस. पण विमलबाईंना ती चाळीस घरं दिसली, त्यांतल्या आया, आज्या, ओटे.

"नाही," त्या म्हणाल्या. "नगरच्या दुकानातली आहेत."

"न्हाई बाई, आज्जीच्या फ्रीजमधली हायत. मी साचा बघितलाय. माशाचा."

"रश्मी, एकदा सांगितलं ना? खोटं बोलू नये."

रश्मी खाली बसली. तिने हातातला अर्धा मासा चांदीत परत गुंडाळला.

घरी येऊन विमलबाईंनी दीपाला सांगितलं. हात धुताना, पाठमोऱ्या. "पोरांनी खाल्ली. सगळ्यांनी. अगदी सगळ्यांनी खाल्ली गं."

"कुणाची म्हणून खाल्ली?" दीपाने विचारलं.

विमलबाई हात धूतच राहिल्या.

दीपा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं विमलबाई पुढे म्हणत. साचे तिने घासून आरतीला देऊन टाकले. ती आष्टीला त्यात पोराला कुल्फी करून देते म्हणे. जूनमध्ये दीपाने डी.एड.चा फॉर्म भरला. आईचंच म्हणणं होतं ते. भीमराज दोनदा पुण्याहून लादी आणून बसले. दुसरी तर तशीच पडून राहिली आणि उन्हाळ्यात वितळून, परत घट्ट होऊन, वर पांढरट साय आल्यासारखी झाली. केशरबाई चहाला येत राहिल्या. भाजीची वाटी येत-जात राहिली. फ्रिजमध्ये पुन्हा पाण्याच्या बाटल्या आणि कोथिंबीर.

नव्याण्णव साली दीपाला अकोले तालुक्यात नोकरी लागली. राजूरच्या पुढे, डोंगरात. पहिल्या दिवाळीत ती घरी आली नाही, म्हणून विमलबाई तिकडे गेल्या. एक खोली, एक कॉट, भिंतीला तक्ते. बाजाराचा दिवस होता. दोघींनी मिळून तांदूळ आणला, वालाच्या शेंगा आणल्या. संध्याकाळी शेंगा सोलताना विमलबाई म्हणाल्या, "माझं चुकलं."

काय ते दीपाने विचारलं नाही. थोडा वेळ शेंगाच सोलत राहिली.

"तू घाबरली होतीस. मला तिथंच कळलं होतं," ती म्हणाली. "त्याचा मला राग नाही आला, आई. खरंच नाही. पण बायडाबाईंनी कागद माझ्या हातात ठेवला तेव्हा तू चार पावलांवर होतीस. चॉकलेटं मी बदलली, एवढंच म्हणायचंस. लोक तुला हसले असते. मला नसते."

"हो," विमलबाई म्हणाल्या.

"आणि रश्मीला पण तू गप्प केलंस."

"ते तुला कुणी..."

"तिनंच. त्याच दिवशी संध्याकाळी आली होती माझ्याकडे, उरलेला अर्धा मासा घेऊन. म्हणाली, दीपाताई, हा तुझाच आहे ना? मी म्हटलं, बाई म्हणतात ते बरोबर. काय म्हणणार?"

दाणे परातीत पडत होते. बाहेर थंडी पडायला लागली होती.

"तिला तरी सांग," दीपा म्हणाली. "मला आता काही नको. तिला सांग, की तिचं बरोबर होतं."

विमलबाई परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी रश्मी ओट्यावर बसून गृहपाठ करत होती. पाचवीत गेली होती, दोन वेण्या, अंगाने चांगली वाढलेली. विमलबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. गाडीतून येताना सगळी वाक्यं जुळवली होती. त्या म्हणाल्या, "रश्मी, तू दुसरीत असताना मी वर्गात चॉकलेटं वाटली होती. माशाची. तू म्हणालीस दीपाताईची आहेत, आणि मी नाही म्हटलं. ती दीपाताईचीच होती बघ. तिनेच केली होती. तू खरं बोलत होतीस, आणि मी खोटं."

रश्मीने पेन्सिल थांबवली आणि नीट आठवून बघितलं. शहाणी मुलगी होती.

"कोणती चॉकलेटं, बाई?" ती म्हणाली. "तुम्ही तर रोजच वाटायच्या."